स्पर्शाच्या पेशी

इंद्रायणीबाईंनी घास थुंकला तो नेमका सुनेच्या, नीलिमाच्या, मनगटावर... लाळेत भिजलेली शिते ओघळून तिच्या बांगड्यांत अडकली!

"उंदरं कापलेले हात!" वाकड्या झालेल्या तोंडाने सासूबाई पुटपुटल्या. "शी!"

चिंचवडच्या त्या दोन खोल्यांत ही किळस नवी नव्हती. लग्नानंतरही नीलिमा पुण्याच्या प्रयोगशाळेत जाई. प्रौढ उंदरांना किरणोत्सारी द्रव्य टोचून त्यांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाही. पूर्ण वाढलेल्या मेंदूत नवी चेतापेशी जन्मत नाही, असे पुस्तके सांगत. तिला मात्र स्पर्शाची जाणीव होणाऱ्या भागात, केवळ नव्या पेशीवरच उमटावेत असे काळे ठिपके दिसले होते. मार्गदर्शक "डाग आहेत ते" म्हणून हसले. घरी सासूबाईंनी तिच्या हातचे अन्न वर्ज्य केले, तेव्हा तिचा पती श्याम एवढेच म्हणाला, "आईसाठी सोड ना ते घाणेरडं काम!" अंतःकरण विदीर्ण झाले... पण तिने सोडले!

आता पक्षाघाताने सासूबाईंचा उजवा हात बधिर झाला होता, आणि त्यांचे मलमूत्र काढणारे हात नीलिमाचे, तेच उंदीर कापलेले होते. त्या दुर्गंधीने तिला मळमळे. स्वतःच्या त्यागाने त्याहून अधिक. रोज ती त्यांच्या डोळ्यांवर पदर धरून बधिर बोटांत कधी ज्वारी, कधी तांदूळ, कधी काथ्या चोळी.

"ओळखा, आई."

"तुझ्या उंदराचं शेपूट असेल, मेले!"

एका सकाळी मात्र त्या थबकल्या. "थांब... टोचतंय. काथ्या! काथ्याच गं!"

पहिल्या शिफ्टला निघालेला श्याम डबा टाकून धावला. "नीलू! आईच्या मेंदूत नव्या पेशी उगवल्या! तुझंच खरं होतं... उगाच सोडायला लावलं मी!"

"तसं म्हणता येणार नाही," ती कोरडेपणाने उत्तरली. "सूज उतरली असेल, जुन्याच पेशी नवं काम शिकल्या असतील. खरं पाहायचं तर मेंदू कापावा लागतो."

"कोणाचा?" सासूबाईंनी विचारले.

"ज्याच्याविषयी विचारायचं, त्याचाच."

"मग माझा काप! मेल्यावर हं. तोवर उंदरांवर भागव. श्याम, माझं करायला बाई बघ. ही प्रयोगशाळेत जाईल."

"आई... तुम्हाला किळस नाही येणार?"

"येतेय की! पण तू माझं जे काढतेस, ते काय अत्तर असतं?"

नीलिमाचे नेत्र भरून आले. एवढ्या वर्षांच्या अवहेलनेनंतर इतक्या स्वस्त परवानगीने आपल्याला रडू यावे, याची तिला शिसारी आली... आणि तरीही सासूबाईंची बोटे चाचपडत तिच्या मनगटापर्यंत आली, तेव्हा तिने हात मागे घेतला नाही.