डावं पुढचं चाक

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच बाबतीत घडली आहे. अजूनही घडते आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आता आहे की नाही, ते मलाच सांगता येत नाही. पण तारीख, वार, वेळ सगळं पाठ आहे. तेवीस तारीख, मंगळवार, सकाळचे सव्वासात. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. तेव्हा अंधारात काहीतरी भास झाला असेल, असं कृपा करून सांगू नका.

मी गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला होतो. पुढे काचेची इमारत, चकचकीत फरशी, सोफे, कॉफीचं मशीन. मागे वर्कशॉप. मी त्या मागच्या बाजूचा सुपरवायझर. नवी गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधीची शेवटची तपासणी माझी. माझी सही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही.

आमच्याकडे एक पद्धत होती. ती आधी सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय.

चाकाचे नट टॉर्क रेंच नावाच्या पान्याने आवळतात. हवा तेवढा घट्ट झाला की तो पाना आवाज करतो. कट्ट. एका चाकाला पाच नट, चार चाकांचे वीस. विसावा आवाज आला की मिस्त्रीने ओरडायचं, "वीस झाले!" मग सुपरवायझरने जवळ जाऊन, वाकून बघायचं. प्रत्येक नटावर पिवळ्या पेनने एक रेघ मारायची आणि म्हणायचं, "बघितले!" मग कागदावर दोन सह्या. एक आवळणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची.

"बघितले" म्हणायला बघावं लागत नाही, हे मला नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं.

मी चहा पिता पिता म्हणायचो. फोनवर बोलता बोलता म्हणायचो. रेघाही कधी आधीच मारून ठेवायचो. कारण आवळणारे मिस्त्रीमामा होते आणि त्यांच्या हातचं काम सत्तावीस वर्षांत कधी परत आलं नव्हतं. मामा माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणायचे. खाली चाकं असलेल्या एका बुटक्या स्टुलावर बसून ते या चाकाकडून त्या चाकाकडे सरकत जायचे. स्टूल कुरकुरायचं.

"साहेब, एकदा तरी वाकून बघा," ते हसून म्हणायचे. "गाडी चावत नाही."

महिनाअखेर होती. एका दिवसात अकरा गाड्या द्यायच्या होत्या. त्यातली एक एका नर्सबाईंची, त्यांची पहिलीच गाडी. त्यांनी वेगळी, शोभेची चाकं बसवून मागितली होती. त्यामुळे चारही चाकं काढून नवी घालायची होती. मामांनी तीन चाकं आवळली. चौथं, डावं पुढचं चाक, नुसतं साध्या पान्याने टेकवून ठेवलं. तेवढ्यात पुढे एक गिऱ्हाईक हॉर्न वाजत नाही म्हणून आरडाओरडा करायला लागलं, आणि मीच मामांना हाक मारली, "ते राहू द्या, आधी इकडे या!"

रेघा मी आधीच मारल्या होत्या. वीसच्या वीस. कागदावर माझी सहीही झाली होती.

मामा परत येईपर्यंत गाडी गेली होती. लाल फीत कापून, फोटो काढून.

"साहेब, त्या गाडीचं डावं पुढचं राहिलंय."

"बघितलं मी. घट्ट होतं."

"कसं असेल? मी हातच लावला नाही अजून."

"मामा, बघितलं म्हटलं ना!"

एक फोन करायचा होता. फक्त एक फोन. पण फीत कापून गेलेल्या गिऱ्हाइकाला परत बोलवायचं म्हणजे मोठ्या साहेबांच्या शिव्या खायच्या. मी विचार केला, काय होणार आहे? आणि दुसऱ्या गाडीच्या कागदावर सही केली.

तिसऱ्या दिवशी पुलाच्या वळणावर ते चाक निखळलं.

नर्सबाई वाचल्या. पण त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशी झाली. मोठ्या साहेबांना एक नाव हवं होतं, कुणाचंही. मी सांगितलं, "मिस्त्री 'वीस झाले' म्हणाले, म्हणून मी सही केली." बाकीच्यांची अळीमिळी गुपचिळी. सगळं खापर मामांच्या डोक्यावर फुटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

त्यांना कामावरून काढलं. निघताना मामांनी स्वतःचा टॉर्क रेंच माझ्या टेबलावर ठेवला.

"असू द्या तुमच्याकडे. शिकून घ्या."

तीन महिन्यांनी मामा गेले. झोपेतच.

त्यानंतर दर सोमवारी त्यांची बायको शोरूममध्ये यायला लागली. आम्ही सगळे तिला मामीच म्हणायचो. सोफ्याच्या अगदी कडेला बसायची. कुणी कॉफी दिली तर नको म्हणायची.

"मला पैसा-अडका काही नको," एवढंच सांगायची. "फक्त लिहून द्या, की ते 'वीस झाले' म्हणाले नव्हते. खोटंच 'झालं' म्हणणारा माणूस नव्हता हो तो. लोक मला तोंडावर बोलतात, तुझ्या नवऱ्याने त्या बाईचा पाय घेतला म्हणून."

मी मागच्या दाराने निघून जायचो.

आणि मग ती तेवीस तारीख...

वर्कशॉप नऊला उघडायचं, पण किल्ली माझ्याकडे असायची. त्या दिवशी कागद पुरे करायचे म्हणून मी लवकर गेलो. शटर वर केलं. आत कुणीच नव्हतं. मामांच्या जागेवर एक नवी पांढरी गाडी उभी होती. मी माझ्या काचेच्या खोलीत जाऊन बसलो.

आणि...

कट्ट.

मी मान वर केली.

कट्ट. कट्ट. कट्ट. कट्ट.

पाच. मग स्टुलाची चाकं कुरकुरली. पुन्हा पाच. पुन्हा स्टूल सरकलं. पुन्हा पाच.

पंधरा झाले. स्टूल आणखी एकदा सरकलं, डाव्या पुढच्या चाकाकडे... आणि थांबलं.

मग काहीच नाही.

मी वाट बघत होतो. एक तरी आवाज येईल म्हणून. ती शांतता मला अजून आठवते. कुणीतरी पाना हातात धरून खोळंबलंय आणि माझ्याकडे बघतंय, असं वाटत होतं. माझी पाचावर धारण बसली. कसाबसा उठून बाहेर आलो. गाडीपाशी कुणी नव्हतं. स्टूल तिथे असायचं कारणच नव्हतं, मामा गेल्यावर ते माळ्यावर टाकलं होतं.

स्टूल डाव्या पुढच्या चाकासमोर उभं होतं.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. सव्वासात, पंधरा आवाज आणि मग ती शांतता. मी उशिरा जायला लागलो, तर सव्वासातला घरी चहाचा कप हातात असताना कानात सुरू व्हायचं. बायको विचारायची, "काय मोजतोयस रे सारखा?" जेवण जाईना. झोप उडाली. मी देवाला हात जोडले, डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या घेतल्या. पंधराच्या पुढे आकडा सरकला नाही.

शेवटी एका रविवारी मी कागद घेतला आणि सगळं लिहून काढलं. रेघा आधी मारल्या. मामांना मी बोलावलं. चाक राहिलंय असं त्यांनी सांगितलं होतं. मी फोन केला नाही.

इतकी वर्षं न वाचता शेकडो कागदांवर सह्या केल्या. हा एक कागद चार वेळा वाचला आणि पेन उचलेना. नोकरी जाणार होती. पोलीस येणार होते. मुलगी पाचवीत होती. टेबलापाशी बसून मी ओक्साबोक्शी रडलो, आणि मग सही केली. एक प्रत मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवायची म्हणून बॅगेत टाकली. दुसरी घेऊन मामींकडे गेलो.

मामींनी कागद सावकाश वाचला. मला वाटलं, आता या शिव्या देतील. त्यांनी द्यायला हव्या होत्या.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. घडी घालून कागद डब्यात ठेवला. मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "एक काम कराल? ते अजून रोज सातला निघतात हो. चपला सरकवल्याचा आवाज येतो. मी म्हणते, अहो झालं आता, नका जाऊ. पण माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. त्यांना सांगा, काम झालं म्हणून."



सोमवारी सव्वासातला मी वर्कशॉपच्या दारात उभा होतो. आत पाऊल टाकायची हिंमत नव्हती.

पाच. पाच. पाच. स्टूल सरकलं... शांतता.

"मामा," मी म्हणालो. "मी लिहून दिलं. सगळं खरं लिहिलं. चूक माझी होती. आता नका येऊ, मामा. मी पाया पडतो तुमच्या."

बराच वेळ काही नाही.

मग...

कट्ट.

मी दाराची चौकट धरली.

कट्ट. कट्ट. कट्ट.

आणि मग, अगदी सावकाश... कट्ट.

वीस. वीस झाले होते! इतक्या महिन्यांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि त्या सुटकेच्या भरात, सवयीने, दारातूनच मी ओरडलो,

"बघितले!"

शब्द तोंडातून निघाला आणि मला कळलं.

मी जवळ गेलोच नव्हतो. वाकलो नव्हतो. गाडीची मी फक्त उजवी बाजू बघत होतो. डावं पुढचं चाक मला तिथून दिसतसुद्धा नव्हतं.

आत काहीतरी बदललं. कसं सांगू? कुणीतरी श्वास रोखून धरावा तसं झालं.

मग स्टूल कुरकुरलं.

गाडीला वळसा घालून ते बाहेर आलं. रिकामं. हळूहळू फरशीवरून सरकत माझ्याकडे आलं आणि माझ्या बुटांना टेकून थांबलं. त्यावर पिवळं पेन ठेवलेलं होतं. टोपण काढलेलं. टोक ओलं होतं.

मी पळालो. सरळ सांगतो, पळालो.

नोकरी त्याच आठवड्यात गेली. पोलिसांपुढे जबाब झाला, केस चालू आहे, जे होईल ते होईल. मामींना आता कुणी बोलत नाही, आणि त्यांच्या घरी सातला चपलांचा आवाजही येत नाही. त्यांनीच सांगितलं. बिचाऱ्यांना किती बरं वाटलं होतं. मी त्यांना पुढचं सांगितलं नाही.

कारण ते आता माझ्याकडे येतात.

मामाच येतात की आणखी कोण, ते मला माहीत नाही. नोकरी गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरलो. आमची जुनी गाडी. बायको रोज तीच घेऊन मुलीला शाळेत सोडते आणि कामावर जाते. सहज खाली बघितलं.

डाव्या पुढच्या चाकाच्या पाचही नटांवर पिवळी रेघ होती.

बोट लावलं. बोट पिवळं झालं.

मी डावखुरा आहे. माझ्या रेघा उजवीकडे झुकतात. चौकशीच्या वेळी नर्सबाईंच्या गाडीच्या उरलेल्या चाकांच्या फोटोतही तशाच दिसत होत्या. या रेघा तशाच झुकलेल्या होत्या. माझ्याच हाताच्या.

धावत वर जाऊन मामांचा पाना आणला. पहिला नट, कट्ट. दुसरा, कट्ट. तिसरा, कट्ट. चौथा, कट्ट.

पाचवा फिरला. अलगद, अर्धा फेरा.

तेव्हापासून रोज सकाळी सव्वासातला मी पार्किंगमध्ये गुडघ्यावर असतो. कधी सगळे घट्ट असतात. कधी एक ढिला. परवा पाचही ढिले होते. रेघ मात्र रोज असते, ओली, ताजी. रेघेवरून काही कळत नाही. ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

शेजारी हसतात. नोकरी गेल्यापासून याचेच नट ढिले झालेत म्हणतात. म्हणू देत. बायको म्हणते गाडी विकून टाक. पण विकली तर त्यात दुसरं कुणीतरी बसेल, आणि रोज वाकून बघणार कोण? मी ताप अंगावर काढतो, पण खाली उतरतो. एक दिवस चुकला तर काय होईल, या विचाराने मी रात्र-रात्र जागा असतो.

आज सकाळी मुलगी गाडीत बसली होती. तिने काच खाली केली. तिला यातलं काहीच माहीत नाही.

"बाबा, चाक बघितलंस ना?"

मी बघितलं होतं. तीन वेळा. प्रत्येक नटाचा आवाज कान लावून ऐकला होता.

बायको गाडी सुरू करून माझ्याकडे बघत होती. मुलगी उत्तराची वाट बघत होती.

मला हो म्हणता आलं नाही. मी पाना घेऊन पुन्हा खाली बसलो.