खलाशी चौकातला चेहरा

खलाशी चौकाच्या सुशोभीकरणाचं काम समीक्षाकडे आलं, तेव्हा तिला सगळ्यात जास्त घोर होता तो पार्किंगचा. चौक जुना. एके काळी इथे गोड्या पाण्याची विहीर होती, गलबतांवरचे खलाशी तिथून पिंपं भरून मांडवी बंदरावर न्यायचे. पुढे विहीर बुजवली, रिक्षा स्टँड आला, आणि लाँचबरोबर बुडालेल्या खलाशांची आठवण म्हणून मधोमध सिमेंटचा एक पुतळा उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चोळणा, खांद्यावर दोरखंड, नजर बंदराकडे.

दर स्मृतिदिनाला त्याला चंदेरी ऑइलपेंटचा हात मारायचे. थरावर थर चढून नाक, डोळे, ओठ सगळं बुजलं होतं. मापं घेताना समीक्षाने स्वतः त्या चेहऱ्यावरून हात फिरवला होता. अंड्यासारखा गुळगुळीत लागला होता.

दिवाळीनंतर रंग खरवडायला सुरुवात झाली. समीक्षा दुपारी साइटवर पोचली तेव्हा चेहरा मोकळा झाला होता. डाव्या भुवईत तुटलेली रेघ, जरा पुढे आलेला खालचा ओठ, हनुवटीवर खळी.

दर्शन होता तो. तिचा नवरा. बोटीवर इंजिनियर, सुट्टीवर आलेला, आणि आत्ता घरी स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करत असलेला.

कोपऱ्यावर गंगारामकाकांची सोड्याची गाडी होती. ती तिथे गेली.

"काका, याचा चेहरा बघितलात?"

"काय झाला चेहऱ्याला? आमी पोरा होतो तेव्हापासून ह्यो असाच हाय."

"रंगाखाली काही दिसत नव्हतं ना पण?"

"दिसत नाय कसा?" गंगारामकाकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "उन्हातून आलात म्याडम. सोडा घ्या."

तिने लॅपटॉप उघडून पाहणीच्या वेळचे जुने फोटो पाहिले. प्रत्येक फोटोत चंदेरी रंगाखालून दर्शनच बंदराकडे बघत होता.

संध्याकाळी ती त्याला चौकात घेऊन आली. तो मनापासून हसला. "आयला! पणजोबा वगैरे असतील." त्याने पुतळ्याशेजारी उभं राहून सेल्फी काढला. परत येताना मात्र गाडीवर मागे बसलेला दर्शन मान वळवून चौकाकडेच बघत होता.

आठवड्याभरात त्याच्या भुवईतली रेघ भरून आली. लहानपणी कैऱ्या काढताना झाडावरून पडल्याची ती खूण होती. मग हनुवटीवरची खळी गेली. मग फोन त्याचा चेहरा ओळखेना. दर वेळी आकडे दाबावे लागत. त्वचेच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, काही नाही, खारं वारं आहे, क्रीम लावा.

समीक्षा हात बांधून बसणारी नव्हती. तिने पुतळ्याच्या तोंडावर पुट्टी भरून घेतली, वर जाड रंग दिला. सकाळी पुट्टीच्या खपल्या चौथऱ्याखाली पडल्या होत्या आणि चेहरा जास्तच रेखीव झाला होता. ओठांवर भेगासुद्धा दिसायला लागल्या होत्या. पुतळाच हलवायचं ठरवलं तर चौकातली माणसं आडवी आली. "आमच्या खलाशाला हात लावायचा नाय." तिने दर्शनला हात जोडले, या वेळी बोटीवर जाऊ नकोस. त्याने लगेच ऐकलं. कंपनीला नाही म्हणून कळवलं आणि घरीच राहिला. पण घरी तो ओटीवर बसून असायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा. आवाज त्याचाच होता, नुसता लांबून आल्यासारखा.

"दर्शन, तुला काय होतंय?"

"काही नाही गो," तो म्हणाला. "तोंडावर सारखं वारं लागतंय."

खिडक्या बंद होत्या.

एके दुपारी ती त्याचा फोन घेऊन चौकात गेली. चौथऱ्यावर चढली. पुतळ्यासमोर फोन धरला.

फोन उघडला.

ती घराकडे धावत सुटली. वाटेत कोणी तरी हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात तिची सासू, सावित्रीबाई, डब्यात बांगड्याची आमटी भरत होती. नीट, रोजच्यासारखी. झाकण लावून तिने डबा फडक्यात बांधला.

"आई, कुठे चाललात?"

"चौकात. दर्शन सकाळपासून उपाशी उभा हाय."

सावित्रीबाई चपला घालता घालता थांबली, ओटीकडे बघून हळू आवाजात म्हणाली,

"आणि त्या पाहुण्यांना विचार गो, जेवून जाणार काय?"

ओटीवर तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, परक्या घरी बसतात तसा, हात गुडघ्यांवर ठेवून.