अकोल्याचा घाम

"हात पूर्ण टेकव गं. बोटं पसरून," प्रफुल्ल वानखडे म्हणाला.

सात वर्षांच्या निर्वीने दाराशेजारच्या काळ्या तबकडीवर तळहात पुन्हा टेकवला. तबकडी किंचित गरम झाली, तिने कातडीचा अंदाज घेतला आणि वर लाल दिवा लागला.

"कृपया आत थांबावे," दारातली बाई म्हणाली. "बाहेरील उष्मा आपणांस मानवणार नाही."

"माह्या पोट्टीले काय मानवते ते तू मले सांगू नको!"

मरुप्रभा शहरात दाराशी भांडणारा माणूस पाहून कुणी थांबत नसे. प्रत्येकाचं कधी ना कधी भांडण झालेलंच असायचं. थरच्या वाळवंटात, क्षितिजापर्यंत पसरलेल्या सौरपटांच्या देखभालीसाठी हे शहर वसवलेलं होतं. उन्हाळ्यात बाहेर पारा पन्नाशी ओलांडायचा, आणि आत बारा महिने पंचवीस अंश. घर, शाळा, बाजार, रस्ते, सगळं एका छपराखाली. भिंतींतून थंड पाणी खेळायचं, छपरं दिवसभराची उष्णता आकाशात फेकून द्यायची. या सगळ्या व्यवस्थेला 'समशीत' म्हणत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक दाराला त्वचावाचक होता. तो तळहाताला थोडी ऊब द्यायचा, कातडीतून किती पाणी बाहेर येतं ते बघायचा आणि तुमचं शरीर बाहेरचा ताप किती सोसेल ते ठरवायचा. हिरवा दिवा लागला तर खुशाल जा, पिवळा लागला तर लवकर परत या, आणि लाल लागला तर घरी बसा.

दाराची भाषा निवडता यायची. प्रफुल्लने हौसेने मराठी निवडली आणि पस्तावला. 'आपणांस' वगैरे अकोल्यात कुणी बोललंच, तर तो लग्नपत्रिका वाचतोय असं लोकांना वाटलं असतं.

प्रफुल्लसाठी दिवा हिरवा लागायचा आणि त्याची बायको हर्षदा हिच्यासाठी पिवळा. निर्वीसाठी मात्र उन्हाळ्यात भरदिवसा तो कायम लाल. शेजारच्या मुलांचंही तसंच असल्यामुळे, लहान मुलांना सोडायचं नाही असा काहीतरी नियम असेल, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती. रात्री वाळू निवली की सगळ्यांनाच हिरवा. मग मुलं बाहेर जाऊन चांदण्यात खेळायची आणि आईबाप दिवसाचं विसरायचे.

पण आता विसरून चालणार नव्हतं. पंधरा दिवसांनी वानखडे कुटुंब कायमचं अकोल्याला परत निघालं होतं, आणि तेही ऐन मे महिन्यात.

या निर्णयासाठी नवराबायको आठ वर्षं भांडली होती. भांडण दर उन्हाळ्यात नव्याने निघायचं आणि दर हिवाळ्यात अर्धवट राहायचं. हर्षदाला हे शहर आवडायचं आणि ती ते लपवत नसे. ती मूळची खामगावची. इथे जमिनीखालच्या दालनांमध्ये दिव्यांच्या उजेडात मेथी-टोमॅटो पिकवायचं काम करायची. पाळी संपवून मध्यरात्री एकटी चालत घरी येताना तिला एकदाही मागे वळून पाहावं लागलं नव्हतं. वीज जायची नाही. डास औषधालाही नाही. पगार वेळेवर. "तिकडं गेलो की मले पुन्हा कोणाले तरी सोबत घेऊन निघा लागन," ती म्हणायची. "हे तुह्या हिशोबात येतच नाई ना?"

प्रफुल्लच्या हिशोबात दुसरंच काही यायचं. त्याचं काम सौरपटांवरची वाळू पुसणाऱ्या यंत्रांवर देखरेख करण्याचं, आणि तेसुद्धा थंड खोलीत बसून. उन्हाच्या जिवावर जगणाऱ्या शहरात आपल्याला ऊन दिसतं ते पडद्यावर, याचा त्याला मनापासून संताप यायचा. इथल्या पाण्याला चव नव्हती. मातीला वास नव्हता, कारण माती नव्हतीच. झाड बघायचं तर तिकीट काढून बागेच्या दालनात जायचं. आणि घराबाहेर पाऊल टाकायला एका बाईची परवानगी! उन्हाळा म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सत्तेचाळीस अंशांत डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून तो क्रिकेट खेळला होता. कूलरच्या ओल्या खसपुढे उघड्या पाठीने बसला होता. ते आठवलं की त्याला इथला पंचवीस अंशांचा थंडावा अपमानासारखा वाटायचा.

शेवटी अकोल्याच्या वीज मंडळात त्याला नोकरी मिळाली. धाकट्या भावाने, मंगेशने, घराचा वरचा मजला रंगवून ठेवला. हर्षदा मनाविरुद्ध तयार झाली, पण एका अटीवर.

"पोरीचा दिवा लाल काहून लागते, ते आधी माहीत करून घे. मंगच सामान बांधू."

"दार खराब आहे, दुसरं काय!"

"तीन वेळा तक्रार केली तू. तीनदा ते म्हणाले दार चांगलं आहे."

"मंग पोट्टी खराब आहे काय?" प्रफुल्ल चिडून म्हणाला. हर्षदाच्या मनातही तोच प्रश्न होता आणि तो उच्चारायची तिला भीती वाटत होती.

प्रफुल्लने मग माहिती करून घ्यायचं ठरवलं, पण स्वतःच्या पद्धतीने. दवाखान्यात नेणं म्हणजे दाराचं म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं. एका रविवारी सकाळी, हर्षदा कामावर गेल्यावर, त्याने निर्वीच्या डोक्याला ओला दुपट्टा बांधला, तिच्या खिशात कांदा ठेवला आणि तिला घेऊन मालाच्या फाटकाशी गेला. त्या फाटकातून फक्त यंत्रं जायची-यायची, त्यामुळे तिथे त्वचावाचक बसवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"बाबा, कांदा कशाले?"

"ऊन लागत नाई त्यानं. माहे आजोबा ठेवायचे, मी ठेवायचो, आता तू ठेव."

फाटक उघडलं. निर्वी दोन पावलं मागे सरली आणि मग एकदम ओरडली, "किती उजेड आहे!" ती धावत सुटली. उन्हाळ्याचं सकाळचं ऊन तिने जन्मात पाहिलं नव्हतं. दिवाळीत अकोल्याला जायची तेव्हाचं ऊन वेगळं. उन्हाळ्यात सौरपटांचं काम इतकं असायचं की प्रफुल्लला कधी रजाच मिळाली नव्हती. ती वाळूत बसली, खड्डा खणला, एका खेजडीच्या झाडाला मिठी मारून आली. प्रफुल्ल पाठोपाठ हिंडत होता. त्याचा सदरा पाठीला चिकटला, भुवयांवरून धार लागली, आणि कित्येक वर्षांनी त्याला आपण माणसात आल्यासारखं वाटलं.

मग त्याचं लक्ष लेकीच्या कपाळाकडे गेलं. ते कोरडं खडखडीत होतं. मानेवर, ओठांवर, कुठे थेंबसुद्धा नाही.

त्याचा ऊर अभिमानाने भरून आला. त्याने लगेच चित्रफीत काढून मंगेशला पाठवली. "पाय मंग्या! मी निथळून राह्यलो अन् पोट्टीले घाम पण नाई! याले म्हणतात अकोल्याचं रक्त! अन् ते दार म्हणते, मानवणार नाई!"

मंगेशने तिकडून टाळ्या पाठवल्या. प्रफुल्लला आणखी चेव आला. "अजून खेळ," तो लेकीला म्हणाला. "घाई नाई."

निर्वी खेळली. थोड्या वेळाने ती वाळूत बसली आणि उठेना. तिचा चेहरा लालभडक झाला होता. "बाबा, त्या बाईले सांग दार लावायले," ती म्हणाली. तिथे दार नव्हतं की बाई नव्हती. प्रफुल्लने तिच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. कातडी तव्यासारखी तापली होती, आणि अजूनही कोरडी होती.

तेव्हा त्याचे डोळे उघडले. त्याने तिला उचललं आणि तो पळत सुटला.

दवाखान्यात डॉक्टर सोनल भाटी यांनी निर्वीला ओल्या चादरीत गुंडाळलं, दोन्ही बाजूंनी पंखे लावले आणि अंगावर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडलं. "तिच्या शरीराला जो घाम काढता येत नाही, तो आपण वरून देतोय," त्या हिंदीत म्हणाल्या. हर्षदा कामाच्या कपड्यांतच धावत आली होती. तिने प्रफुल्लकडे पाहिलं नाही. निर्वीने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे ती भिंतीला टेकली आणि रडायला लागली.

"घाम काढता येत नाही म्हणजे?" प्रफुल्लने विचारलं. "आजार आहे का तिला?"

"आजार नाही. घर्मग्रंथी सगळ्यांना जन्मतः असतात. पण त्यांतल्या किती कामाला लागणार, हे पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरतं. बाळाला उकडलं, की ग्रंथी जाग्या होतात. ज्या तेव्हा जागत नाहीत, त्या पुढे सहसा जागत नाहीत." डॉक्टरांनी चादर पुन्हा भिजवली. "तुमच्या मुलीला त्या वर्षांत कधी उकडलंच नाही."

"म्हणजे दार बरोबर सांगत होतं."

"दार बरोबरच सांगत होतं. इथे जन्मलेल्या सगळ्या मुलांचं हेच आहे. आम्ही प्रशासनाला कळवलं. ते म्हणाले, घाम लागतो कुणाला इथे? बाहेर सोडू नका म्हणजे झालं."

देशातल्या सगळ्यात तापलेल्या शहराने देशातली सगळ्यात नाजूक मुलं वाढवली होती, आणि त्याबद्दल कुणाला फारशी खंतही नव्हती. प्रफुल्लला कुणावर तरी ओरडायचं होतं. पण समोरची बाई खरं बोलत होती आणि दारही खरंच बोललं होतं. त्याचा राग फिरून त्याच्याच अंगावर आला.

"आम्ही अकोल्याला जातोय," हर्षदा हळूच म्हणाली. "घरात एसी लावला तर?"

"वीज किती वेळ जाते तिकडे?"

"उन्हाळ्यात तर रोजच, कधी कधी दुपारभर," हर्षदा म्हणाली.

"शाळेत एसी आहे? रस्त्यावर? रोज थोडी ऊब देऊन सराव केला तर फरक पडतो, पण थोडासाच. हिवाळ्यात जा, राहा, परत या. किंवा असं गाव शोधा जिथे घर, शाळा, रस्ता, सगळीकडे समशीत आहे. तिथे ती इतर कुठल्याही मुलीसारखी राहील. पण तुमच्या मे महिन्यात? मी तर पाठवणार नाही."

संध्याकाळी निर्वीला घरी आणलं. ती लगेच झोपली. हर्षदाने बांधायला काढून ठेवलेलं सामान पुन्हा फडताळात लावायला घेतलं.

"बोल की मले काही," प्रफुल्ल म्हणाला. "शिव्या दे."

"काय बोलू? मी म्हणायची राहू, तू म्हणायचा जाऊ. आठ वर्षं आपण फायदे-तोटे मोजत बसलो, अन् इकडं पोरीच्या अंगात सगळं ठरून पण गेलं." तिने हातातला सदरा घडी न करताच आत कोंबला. "मले राहायचंच होतं रे. पण असं नाई. कोणी दार बाहेरून लावल्यावर नाई."

तेवढ्यात फोन वाजला. मंगेश होता. पडद्यावर त्याचं हसरं तोंड आणि खांद्यावर तीन महिन्यांचं बाळ. उकाड्याने बाळाची मान घामाने चिंब झाली होती आणि ते किरकिरत होतं.

"दादा, तुह्या पोट्टीची चित्रफीत साऱ्या कॉलनीले दाखवली! अन् आता माही खबर आयक. आपल्या कॉलनीत समशीत येऊन राह्यलं! तुमच्याकडचंच. घरं, शाळा, मधले रस्ते, साऱ्यावर छप्पर. सौर बॅटऱ्या देतात, लाइट गेली तरी बंद नाई पडत. सारे तयार आहेत, फक्त आपलं घर राह्यलं. एक घर नाई म्हटलं तर त्यायची थंड पाण्याची नळी पुढं जात नाई, अन् मंग साऱ्यायचंच राहते. म्हटलं, दादा तिथं आठ वर्षं राह्यला, त्यालेच विचारू."

हर्षदाचे हात फडताळात थांबले. तिने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत एकाएकी आलेली आशा प्रफुल्लला स्पष्ट दिसली, आणि पुढच्याच क्षणी तिची नजर पडद्यावरच्या बाळावर गेली तेही दिसलं.

हो म्हटलं तर निर्वीला अकोला मिळणार होतं. काकांचं घर, वरचा मजला, शाळा, सगळं. एका शब्दाचं काम. आणि खरं काय ते सांगितलं, तर मंगेश छपराला हातही लावू देणार नव्हता, हे प्रफुल्लला पुरतं ठाऊक होतं. स्वतःच्या बाळाचा घाम कोणता बाप विकेल? त्याने स्वतःने तो दिला होता, पण न कळता. आता त्याला कळत होतं, आणि त्या कळण्याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप येत होता.

"पिल्लूले पहिल्या उन्हाळ्यापासूनच गारवा," मंगेश बाळाची मान पुसत म्हणाला. "घामोळं नाई, रडणं नाई, काही नाई. तुह्या निर्वीसारखं कोरडं ठणठणीत राहीन! बोल ना दादा, हो म्हणून सांगू ना त्यायले?"