चौथी कवळी

जगाच्या तोंडात दात बसवायचे आणि घरात बाप बोळका, याला दिव्याखाली अंधार नाही तर काय म्हणायचं? कवळ्या करणाऱ्या ताईंचं हेच झालं होतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्यांतून दर आठवड्याला वीसेक कवळ्या बाहेर पडत, आणि एकीचीही तक्रार येत नसे. स्वतःच्या बाबांसाठी मात्र त्यांनी तीन केल्या. तिन्ही बाबांनी तासाभरात काढून पेल्यात टाकल्या.

एवढंच असतं तर ताईंनी हसण्यावारी नेलं असतं. पण बाबा पातळ सुपावर आले, पाच महिन्यांत नऊ किलो उतरले. ज्या मास्तरांनी चाळीस वर्षं वर्ग हसवला, ते तोंडावर हात धरून खिडकीत बसू लागले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, चावून खायला लागले नाहीत तर फार दिवस काढणार नाहीत. ताईंचा जीव तिथे टांगला होता.

कामधंदा आता सगळा फोनवर. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा स्कॅन घेतात, मोबाइलवरून ताईंच्या कपाटातल्या सर्व्हरवर धाडतात आणि इकडे यंत्र कवळी छापतं. ही व्यवस्था नवरोबांची. पासवर्ड त्यांना खपत नसे. लोक बायकोचं नाव ठेवतात आणि भांडण झालं की बदलतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक फोनला आपली किल्ली. तिचा एक भाग फोनमध्ये, तो बाहेर कधी जायचाच नाही. जोडीचा दुसरा भाग सर्व्हरच्या यादीत, एक ओळ होऊन. दोघांचं जुळलं तरच दार उघडायचं. लग्नच आहे म्हणा ना, ते गिऱ्हाइकांना सांगत, फक्त हे टिकतं.

अकरा डॉक्टरांच्या अकरा ओळी होत्या. बारावी ताईंच्या फोनची.

एका सोमवारी सकाळी सर्व्हरवर नवी फाइल दिसली. नाव ‘बाबा-४’. ताईंना वाटलं, चौकातल्या डॉक्टरांनी कधीतरी बाबांना खुर्चीत बसवून स्कॅन घेतला असेल. त्यांनी ती छापली, घासली, चकचकीत केली आणि दुपारी बाबांच्या तोंडात ठेवली. ती अशी काही बसली की बाबा स्वतःच चमकले. त्यांनी ओठ हलवून पाहिले, टकटक दात वाजवले, मग टोपलीतलं सफरचंद उचललं आणि कचकन तोडलं. रस हनुवटीवरून ओघळला. ताईंना रडू आवरेना, नवरोबा उगाचच चष्मा पुसायला लागले. बाबा म्हणाले, दात आहेत तर चणे नाहीत असं व्हायला नको, आता चणेही आणा.

ताईंनी नवरोबांच्या फोनवरून डॉक्टरांना आभाराचा फोन केला. ते म्हणाले, आभार कसले, मी काहीच पाठवलेलं नाही.

नवरोबांनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि त्यांचा थट्टेखोर चेहरा हळूहळू उतरला. फाइल ताईंच्या किल्लीने आली होती, रविवारी सकाळी साडेदहाला. ताईंचा फोन तर शुक्रवारपासून दुरुस्तीला. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, बॅटरी काढून खणात ठेवलाय, ताई, स्क्रीनच आली नाही अजून. आणि रविवारी आमचं दुकान बंद असतं.

"किल्ली चोरली असेल कुणी," ताई म्हणाल्या.

"आणि चोराने तुझ्या बाबांना दात दिले?" नवरोबा म्हणाले, पण हसले नाहीत. त्यांनी बारावी ओळ पुसून टाकली.

त्याच क्षणी बाहेरच्या खोलीत खळकन वाजलं. बाबांची कवळी निसटून ताटात पडली होती. पुन्हा बसवली, पुन्हा पडली. ताईंनी मापं घेतली. केसाएवढाही फरक नव्हता. मग तीन दिवस तेच सूप, तोंडावर तोच हात. गुरुवारी बाबांनी सूपही परत पाठवलं.

शुक्रवारी ताई म्हणाल्या, "अहो, ती ओळ परत घाला."

"पलीकडे कोण आहे, आपल्याला माहीत नाही."

"अलीकडे कोण आहे ते माहीत आहे ना? घाला."

त्यांनी घातली. बाबांनी कवळी तोंडात सारली आणि ती बसली.

पुढचे पंधरा दिवस घरात नुसती धमाल. बाबा तीन किलो वाढले. खालच्या सायकलवाल्याला वरूनच कोपरखळ्या मारू लागले, आणि त्याचं हसणं जिना चढून वर यायचं. ताई काम करता करता गुणगुणू लागल्या.

मंगळवारी सकाळी फाइल आली. ताईंच्याच किल्लीने.

दुरुस्त झालेला फोन टेबलावर बंद पडून होता.

फाइलचं नाव होतं ‘ताई-१’.

पडद्यावर एक जबडा सावकाश फिरू लागला. टाळूवर डावीकडे हाडाचा छोटा उंचवटा होता. काम शिकताना ताईंनी स्वतःच्या तोंडाचा साचा कितीदा काढला होता. ओळखायला मोजपट्टी लागली नाही.

जबड्यात एकही दात नव्हता. हिरड्या गुळगुळीत, दात पडून वर्षं लोटल्यासारख्या भरून आलेल्या.

नवरोबांचं बोट बाराव्या ओळीवर गेलं. "पुसू?"

बाहेर बाबा सायकलवाल्याला काहीतरी सांगत होते, आणि सांगता सांगता स्वतःच तोंड उघडून खदखदून हसले.

"राहू द्या," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी जिभेचं टोक समोरच्या दाताला लावलं. दात किंचित हलला.