सबवूफरचं अंतर

होम थिएटर घेताना घनश्यामभाऊंनी पिक्चरबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. अल्ताफभाईंच्या चिमूरच्या दुकानात सबवूफरवर तळहात ठेवून ते बराच वेळ उभे होते. "याचा आवाज कुठवर जाते?" मी नुकताच फिजिक्स घेऊन बीएस्सी होऊन त्या दुकानात कामाला लागलो होतो. म्हणालो, जाडा आवाज भिंतीतूनही जातो.

"मंग हेच पायजे."

२००८ चा मे महिना. घर तलावाच्या पाळीला लागून होतं. सबवूफर त्यांनी टीव्हीजवळ ठेवू दिला नाही, मागच्या भिंतीशी ठेवला. भिंतीपलीकडे पाणी.

"पिक्चरला समोर बरा वाटतो," मी म्हटलं.

"मले कुठी पिक्चर पाहाचा हाय!"

स्पीकर जुळवायला मी सोफ्यावर माइक ठेवला. पंखा बंद केला, कारण मोजणीत शांतता लागते. मशीन प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडतं आणि तो माइकपर्यंत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढतं. घामाचे थेंब मानेवरून उतरत होते. बाकीचे स्पीकर बरोबर आले. सबवूफर : अठ्ठावीस फूट.

टेपनं मोजलं, तर बारा. असं होतंच. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये वेळ जातो, मशीन तो अंतरात धरतं. मी समजावलं.

"तलाव तेवढाच हाय इथून," घनश्यामभाऊ म्हणाले. "बीएस्सीले हे नाई शिकवत काय?"

मशीननं सबवूफरची पातळी फार खाली ठेवली होती. ती हातानं वाढवली, डिस्क लावली. कपाटातले पेले गुणगुणू लागले. घनश्यामभाऊ खिडकीपाशी गेले. वारा नव्हता, तरी पाणी हलत होतं.

"आमी काठीनं पानी बडवतो," ते म्हणाले. "मासोया आवाजाले भिऊन जाळ्यात जातेत. बुडालेला मानूस उलटा. तो आवाजाकडं येते."

"कोण बुडालं?"

"माहा पोरगा. स्वप्निल. सात वर्साचा. गावलाच नाई. ढोल वाजवले, डफ वाजवले. तळापर्यंत नाई जात तो आवाज." ते वळले. "आता मोज."

एकोणीस फूट.

सबवूफर जागचा हलला नव्हता. माइकही नाही. मी वायर तपासल्या, माइक पुसला. पातळी आणखी वाढवायला लावून त्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं.

नऊ.

सर्किटमुळे अंतर जास्त दिसू शकतं. खऱ्यापेक्षा कमी दिसू शकत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको, चंदाबाई, येऊन उभ्या होत्या. "भाऊ, बंद करा ते," त्या मला म्हणाल्या.

"चंदे, येऊन राह्यला तो."

"कोन येऊन राह्यला? या तलावानं का एकालेच नेलं?"

घनश्यामभाऊंनी स्वतःच बटण शेवटपर्यंत फिरवलं. आता आवाज कानाला येत नव्हता, बरगड्यांना येत होता.

"मोज."

मी मोजलं. शून्य.

माइकशेजारी सोफ्याचं रेक्झीन हळूच दबलं. लहानसं, पोराच्या बैठकीएवढं.

घनश्यामभाऊ गुडघ्यांवर बसले. "स्वप्निल?" त्यांनी त्या खोलगट जागेवर हात नेला, पण टेकवला नाही. चंदाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

त्याच्या शेजारची जागा दबली. ही मोठ्या माणसाची होती.

मी प्लग उपटला. मशीनचे दिवे विझले. बरगड्यांतली धडधड थांबली नाही.

कोपऱ्यातली खुर्ची करकरली.

"बस झालं गा," घनश्यामभाऊ पाण्याच्या बाजूला पाहत पुटपुटले. "माहा आला. बाकीच्यायनं जा."

चंदाबाई दारातून बाजूला सरल्या, आत जाणाऱ्याला वाट द्यावी तशा. मग आणखी सरल्या. चौकटीला पाठ लावून, पदर अंगाशी गोळा करून त्या उभ्या राहिल्या, आणि वाट काही मोकळी होत नव्हती.