धुवायची राहिलेली बाटली

पटत नसेल त्याने खुशाल पुढचं वाचू नये. पण हे आमच्या सख्ख्या मामाच्या घरी घडलंय. आणि तेही रात्री-बित्री नाही, भर दुपारी.

मामा प्लंबर. भुताचा विषय निघाला की म्हणायचा, "त्यांच्याकडे नळ गळत असेल तर सांगा, येतो." असा माणूस!

पाइप टाकायला जुन्या गल्ल्यांत खणलं की मातीतून बाटल्या निघायच्या. सोड्याच्या, शाईच्या, औषधाच्या. काचेवर आपल्याच गावच्या दुकानाचं नाव असेल तेवढीच मामा घरी आणायचा. मग ते दुकान कुठे होतं, कसं बुडालं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरायचा.

"आणला का पुन्हा उकिरडा?" मामी करवादायची. आणि बाह्या सरसावून तीच धुवायला बसायची.

तिची एक रीत होती. बाटलीत वाळू घालायची, पाणी घालायचं, अंगठ्याने तोंड दाबून हलवायचं. खळ्ळ... खळ्ळ... मग वाळली की तोंडाशी ओठ नेऊन फुंकर मारायची. तळाशी माती राहिली असेल तर आवाज बारीक निघायचा. लख्ख झाली असेल तर खोल, भरदार... हूंऽऽऽ.

"बोलली हो!" मामी मोरीतून ओरडायची. मगच ती बाटली मामाच्या फळीवर जायची.

मूलबाळ नव्हतं त्यांना. फळी तेवढी भरत गेली.

मग मामीच्या छातीने दगा दिला. चार पावलं चालली तरी धाप. नेमकी त्याच दिवसांत मामाला एक निळी बाटली मिळाली, गावातल्या पहिल्या औषधवाल्याची. अंगावर डोसाच्या रेघा, आत गच्च माती. कितीतरी वर्षं तो हीच शोधत होता.

"अहो, हिला हात लावाल तर बघा," मामी म्हणाली. "बरी झाले की मीच धुणार. हिला बोलती केल्याशिवाय मी कुठे जात नाही."

बाटली मोरीच्या खिडकीत राहिली.

मामी गेली.

त्यानंतर एका दुपारी मामा नुसताच आडवा पडला होता. घरात चिटपाखरू नाही. आणि मागून आवाज आला...

खळ्ळ... खळ्ळ...

मामा धावला. मोरीत कोणी नव्हतं.

फरशी मात्र ओली होती... आणि बाटलीतली माती एक रेघ खाली उतरली होती.

दुसरा कोणी असता तर घर सोडून पळाला असता. मामा उंबऱ्यात बसून ढसाढसा रडला. मग उठून त्याने दाढी केली, किती दिवसांनी!

आता रोज दुपारी आवाज यायचा. वळून बघितलं की थांबायचा, म्हणून मामा मोरीकडे पाठ करून बसायचा. आणि गप्पा मारायचा. कोणाची टाकी भरत नाही, कोणाची तोटी तुटली, सगळं तिला सांगायचा.

माती रेघ रेघ उतरत होती. शेवटची रेघ उरली तेव्हा मामाला मामीचे शब्द आठवले. बोलती केल्याशिवाय जात नाही, म्हणाली होती.

म्हणजे बाटली बोलली की...

त्याने अंगणातून मूठभर माती आणली आणि बाटलीत कोंबली.

मग तो नेमच झाला. दुपारी ती धुवायची, संध्याकाळी हा भरायचा.

मी आणि आई भेटायला गेलो, तेव्हा आम्हीही ऐकलं. खळ्ळ... मग बराच वेळ काहीच नाही... मग धाप.

शिट्टी वाजल्यासारखी ती धाप. मामीचीच. शेवटच्या दिवसांत ऐकलेली.

मग पुन्हा, कशीबशी... खळ्ळ...

आईने मामाचा हात धरला. त्याच्या नखांत माती होती.

"दादा, काय करतोयस तू हे?"

"राहू दे गं तिला. दुसरं काय मागतोय मी?"

"अरे, दमलीये ती. ऐकू येत नाही का तुला? आता तरी सोड तिला."

मामाने हात सोडवून घेतला. मग उठला. बाटलीत वाळू घातली, पाणी घातलं आणि स्वतः हलवायला लागला. डोळ्यांना धार लागलेली. "सगळ्या तूच धुतल्यास गं," तो म्हणत होता, "ही एक मला धुऊ दे."

धाप थांबली.

नितळ पाणी आलं तेव्हा त्याने बाटली खिडकीत पालथी घातली. आम्ही तिघं वाट बघत बसलो. ऊन कललं. मामाने वाळलेली बाटली सरळ केली आणि मागे सरकला. तिच्याजवळ कोणीही नव्हतं...

हूंऽऽऽ...

खोल, भरदार.

"बोलली हो," मामा पुटपुटला आणि आईच्या खांद्यावर कोसळला.

पुढे त्या घरात खळखळ कधी ऐकू आली नाही. मामानेही परत एकही बाटली घरी आणली नाही.

गेल्या वर्षी मामा गेला. निळी बाटली माझ्याकडे आली. घट्ट बूच लावून मी ती कपाटात ठेवलीये.

अधूनमधून तिच्या तळाशी माती दिसते... मूठभर, ओलसर. बूच जसंच्या तसं असतं.

भीती वाटत नाही म्हटलं तर खोटं ठरेल. पण त्याहून जास्त मामासाठी जीव तुटतो. त्या दुपारी मी कान देऊन बसते. धुवायला कोणीच येत नाही.

मग मीच वाळू घालून धुते. फुंकर मारायची मात्र अजून हिंमत झालेली नाही.