बिनमिठाचे रविवार

"ते नका घेऊ!"

मी जरा जोरातच बोलले. किराणा दुकानात पाकीट हातात धरून उभा असलेला तो उंच माणूस चांगलाच दचकला.

"का? विष आहे का त्यात?"

"कोणासाठी घेताय?"

"आईसाठी. तिच्या किडन्या... डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. आणि हे बघा ना, कमी सोडियमचं मीठ!"

"सोडियम काढून पोटॅशियम घातलंय. मागचं बारीक अक्षर वाचा. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तात साचलं की थेट हृदयावर येतं."

त्याने वाचलं. पाकीट जपून, फुटेल की काय अशा बेताने परत ठेवलं.

"तुम्ही डॉक्टर?"

"छे! चपला-बुटांच्या दुकानात आहे मी."

तो हसला. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे दोघांचा धंदा पायांवरच. तुम्ही त्यांना चालवता, मी आराम देतो."

मलाही हसू आलं... खूप दिवसांनी.

बाबांच्या किडन्या नुकत्याच कुरकुरायला लागल्या होत्या. आहारतज्ज्ञ बाईंनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. बाहेर रांग होती, त्यांचाही इलाज नव्हता. घरी आले तर मावशी एक सांगे, शेजारीण दुसरं – जितकी तोंडं तितकी पथ्यं! शेवटी वाचनालय गाठलं. पहिलं पुस्तक निम्मं डोक्यावरून गेलं. मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानातल्या स्टुलावर बसून तेच पुन्हा वाचायचं. हळूहळू उमजत गेलं.

"मला शिकवाल?" त्याने विचारलं.

मग दर रविवारी वाचनालयातलं कोपऱ्यातलं टेबल आमचं झालं. तो मला 'प्रोफेसर' म्हणायचा.

"प्रोफेसर, प्रथिनं जास्त म्हणजे ताकद जास्त ना?"

"आईंच्या बाबतीत नाही. प्रथिनं वापरून झाल्यावर जो कचरा उरतो, तो किडनीलाच उपसावा लागतो."

"आणि... शिकवणारीकडेच बघत बसलं तर?"

"तर नापास!"

पण पुस्तकाचं पान मात्र माझंच उलटायचं राहून जायचं.

त्याची आई ताट बाजूला सारायची. "पुठ्ठा चावतेय असं वाटतं," म्हणायची. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. बटाट्याचे बारीक तुकडे भरपूर पाण्यात उकळले, पाणी ओतून टाकलं. पोटॅशियम बरंचसं त्या पाण्याबरोबर जातं. मग लसणावर परतले, मिरी भरडून घातली, वर लिंबू पिळलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं.

"हिला ठेवून घे रे," त्या म्हणाल्या.

तो कानापर्यंत लाल झाला. मी उगाचच नळ सोडून स्वच्छ वाटी पुन्हा घासत राहिले.

थंडीत त्या खचल्या. डायलिसिसला त्यांनी आधीच नाही म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता पथ्य नको. मागतील ते द्या."

त्यांनी केळं मागितलं. केळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून वर्षभर आम्ही त्या घरात केळं येऊ दिलं नव्हतं. तो ते हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला.

"पुस्तक काय म्हणतं?"

"तुला माहीत आहे."

"तू सांग ना..."

"पुस्तकाचं काम संपलं रे. आता आई काय म्हणतेय ते ऐक."

त्याच्या हातून त्यांनी अर्धं केळं खाल्लं, डोळे मिटून, अगदी सावकाश. "गोड आहे," म्हणाल्या. आठवड्याभरात त्या गेल्या.

नंतर तो आमच्याकडे यायला लागला. बाबांशी त्याची गट्टी जमली. एका संध्याकाळी त्यांना म्हणाला, "काका, आज बटाटे मी करतो." चिरले, उकळले. पाणी ओतायला पातेलं उचललं आणि तसाच थांबला. वाफ तोंडावर येत होती. मी पातेलं काढून घेतलं.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "पण ही वाफ... हे पाणी ओतणं... वाटतं, आतून आई हाक मारेल. मला इथे उभं राहवत नाही गं."

कंपनी त्याला दुसऱ्या शहरात बोलावत होती. आईसाठी त्याने वर्षभर टाळलं होतं.

"नाही म्हणून कळवू?"

एकदाच 'थांब' म्हण, असं त्याचे डोळे सांगत होते. बाबांना सोडून मला जाता येणार नव्हतं. आणि या घरात रोज हेच शिजणार होतं, कितीतरी वर्षं.

"मला तू फार आवडतोस," मी म्हटलं. सांगायला मला हाच दिवस मिळाला! "जा."

त्याने ओला तळवा माझ्या गालावर ठेवला. "प्रोफेसर..." म्हणाला.

दार लागल्याचा आवाज आला तेव्हा बाबा जेवायला येऊन बसले होते.

"गेला?"

"गेला."

"थांब म्हटलं असतंस तर थांबला असता."

"हो ना, बाबा. म्हणूनच नाही म्हटलं."

बाबांनी शेजारची खुर्ची ओढली. "ये. दोन घास खाऊन घे."

मी बसले.